माशाच्या तेलाची गोळी

सेगेद, ४ सप्टेंबर २०२३

बर्नी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आता निदान शेवटपर्यंत वाच. माझे ईमेल तू अडवून ठेवलेत, फोन नुसता वाजत राहतो, म्हणून कागद. आपल्या आईने तुझा तार्तूचा पत्ता देताना दोन अटी घातल्या. जुनं काही उकरायचं नाही, आणि पत्ता तिने दिला हे सांगायचं नाही. दुसरी अट आत्ताच मोडली. पहिली पाळते.

काम आहे आणि ते माझं नाही. इथल्या हॉस्पिटलात एक बाई येतात, चव्वेचाळीस वर्षांच्या. जूनमध्ये शिडीवरून पडल्या. टेंगूळ आलं म्हणून डोक्याचा एमआरआय काढला. टेंगूळ चार दिवसांत बसलं, पण मेंदूच्या डाव्या बाजूला मटाराएवढा ठिपका दिसला, बोलण्याची जागा असते तिला अगदी खेटून. गेलेन्चेर डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ आहे. ठिपका नवा असेल तर तो काढायलाच हवा, आणि काढताना बोलण्याला धक्का बसू शकतो. जुना असेल आणि वाढलेला नसेल, तर त्याच्या वाटेलाही जायचं नाही. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच, की तो कधीपासून तिथे बसलाय.

आणि या बाईंच्या मेंदूचं जुनं चित्र आहे. १९९८ मध्ये विद्यापीठात धडधाकट विद्यार्थी पकडून त्यांच्या मेंदूत भाषा कुठे असते ते बघत होते, आठवतं? तू तिथे हमाली करत होतास, लोकांना यंत्रात सरकवायचं काम. त्या तेव्हा त्यात होत्या. त्या वेळी कुणी आजार शोधत नव्हतं, त्यामुळे ठिपका आहे का हे कुणी पाहिलंच नाही. डिस्क हॉस्पिटलच्या तळघरात नीट जपलेल्या आहेत. रीतसर अर्ज केला, मिळाल्या. फक्त त्या वाचणारं यंत्र केव्हाच भंगारात निघालेलं. ते कुणी उचलून नेलं असेल, ओळख बघू.

द्यॉमेकाका. एमआरआय काढायच्या कामातून निवृत्त झाले तरी त्या खोलीची किल्ली अजून त्यांच्या जुडग्यात आहे, कुलूप बदललं तरी. यंत्र त्यांच्या कोठीच्या खोलीत आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे होतं.

"काका, हे इथे कशाला ठेवलंत?" मी विचारलं.

"पोरी, एवढी चांगली वस्तू फेकून द्यायची? आणि बरण्या घरंगळत नाहीत त्याच्यामुळे."

यंत्र सुरू झालं, डिस्क वाचली, फाइल निघाली. आपल्या पॉडलाश प्रोग्रॅममध्ये उघडली, आणि पत्ते पिसून ठेवावेत तसं डोकं समोर आलं. एका कापात नाक, पुढच्यात मानगूट, मग कान. त्या काळच्या त्या यंत्राची फाइल कशी लिहिलेली असते हे पूर्ण फक्त तू शोधून काढलं होतंस, आणि ते माझ्यापर्यंत यायच्या आत आपलं बोलणं बंद झालं. फाइलच्या सुरुवातीचे आकडे छापून सोबत जोडलेत. त्यात कुणाचं नाव नाही.

पॉडलाशचं सांगते, विचारणार नाहीस म्हणून. माळ्यावरचं जुनं सामान खाली काढून बघायचं, म्हणून तू त्याला 'माळा', पॉडलाश, असं नाव दिलं होतंस. आता जिथे जिथे मेंदूच्या जुन्या फाइली धूळ खात पडल्यात तिथले लोक तो फुकट उतरवून घेतात, आणि एकतीस जण त्यात स्वतःचा कोड घालतात. प्लॉवदिवचा एक जनावरांचा डॉक्टर त्यात कुत्र्यांचे मेंदू बघतो. त्याने आग्रह करकरून लांब नाकाच्या कुत्र्यांसाठी वेगळी खिडकी करवून घेतली.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. आकडे मात्र बघ.

एमोके


सेगेद, १९ सप्टेंबर

बर्नी,

तू उत्तर दिलं नाहीस. पण सोमवारी पॉडलाशच्या पानावर 'सेंकी' नावाच्या कुणीतरी चौदा ओळींची दुरुस्ती पाठवली. 'सेंकी', म्हणजे 'कोणीच नाही', असं नाव घेतलं की ओळखू येत नाही असं त्या माणसाला वाटलं असावं. कोडमधल्या प्रत्येक टिपेच्या शेवटी पूर्णविराम देणारा प्रोग्रॅमर मी आयुष्यात एकच पाहिलाय. बरं, मी काही बोलत नाही. सेंकीला माझे आभार सांग.

फाइलमध्ये आधी सगळे विषम क्रमांकाचे काप, मग सगळे सम. इतकं साधं होतं आणि मी तीन आठवडे डोकं आपटत होते.

मी लॅपटॉप घेऊन थेट द्यॉमेकाकांकडे गेले. कोठीतच उघडलं, कारण काकांना त्यांच्या यंत्रासमोर ते बघायचं होतं. काप एकेक करून जागेवर बसले. कपाळ, डोळे, मग आतल्या घड्या, अक्रोडासारख्या. काकांनी टोपी काढली.

"हे मी काढलेलं आहे," ते म्हणाले. "बघ, कुठे हललेलं नाही. मी सांगायचो ना, मुलांनो, देवळात बसल्यासारखे पडून राहा."

आणि ठिपका तिथे होता. पंचवीस वर्षांपूर्वी, तेवढाच, मटाराएवढा. मी काकांच्या गळ्यात पडले आणि फळीवरची एक बरणी खाली आली. मुरंबा पायाखाली, आणि काका म्हणतात, "राहू दे, दोन हजार एकोणीसचा होता, फार गोड झाला होता."

आता तुला कळलंच असेल. नसेल तर सांगते. त्या बाई मीच आहे. अंगणातल्या झाडावरची आंबट चेरी काढताना शिडीवरून पडले. आधी सांगितलं असतं तर तू दयेपोटी मदत केली असतीस, आणि मला ती नको होती. तू परक्या बाईसाठी करतोस का, हे मला बघायचं होतं. केलंस.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मला चष्मा लागणार आहे.

एमोके


सेगेद, २७ सप्टेंबर

बर्नी,

एवढ्या लवकर नाचायला नको होतं.

गेलेन्चेरबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. मग चष्मा कपाळावर चढवला.

"जुन्या चित्रात तुमच्या डोक्याच्या बाहेर, कानशिलापाशी, हा पांढरा थेंब कसला?"

"माशाच्या तेलाची गोळी," मी म्हटलं. "चिकटपट्टीने लावायचे. म्हणजे डावी बाजू कुठली, उजवी कुठली, ते चित्रात कळतं."

"छान पद्धत. कुठल्या बाजूला लावायचे?"

"उजव्या. प्रयोगाच्या कागदांत लिहिलंय."

"मग अडचण आहे," त्या म्हणाल्या. "गोळी आणि ठिपका चित्रात एकाच बाजूला आहेत. गोळी उजवीकडे होती म्हणजे तेव्हाचा ठिपका उजवीकडे. तुमचा आताचा ठिपका डावीकडे आहे."

मी विचारलं, तो फिरून दुसरीकडे गेला असेल का. त्या हसल्या नाहीत.

"चित्र उलटं करून पाहिलं तर घड्या बऱ्याचशा जुळतात. मलाही मनातून वाटतं की ठिपका तोच आहे. पण त्या काळचे काप पावाच्या तुकड्यांएवढे जाड आहेत, आणि कागद माझ्या विरुद्ध बोलतोय. मला 'वाटतं' म्हणून मी थांबले आणि तो नवा निघाला, तर? तेव्हाचं काही लिहिलेलं आणा, मग बोलू."

ऑपरेशनची तारीख २४ ऑक्टोबर धरली आहे.

तर बर्नी, ती गोळी माझ्या कानशिलावर तू चिकटवली होतीस. मला तुझ्या बोटांचा माशाचा वास आठवतो, तू चिकटपट्टी दातांनी तोडलीस ते आठवतं, आणि मी हसतेय म्हणून काकांनी काचेवर टकटक केली तेही. बाजू आठवत नाही. काकांना विचारलं. ते म्हणतात, "उजवी, नेहमी उजवी," आणि मग माझा चेहरा बघून म्हणतात, "पण तुझा भाऊ काही माझं ऐकायचा नाही."

तू तेव्हा सगळ्याची वही ठेवायचास. असेल का ती? की इथून निघताना फेकलीस?

आता आईची पहिली अटही मोडते, कारण चोवीस तारखेनंतर मला बोलता येईल की नाही ठाऊक नाही, आणि हे सांगायचं राहून जायला नको. पॉडलाशचा कोड मी सगळ्यांसाठी खुला करून टाकला तो गुरुवार होता. तू तो एका कंपनीला विकायचा करार करणार होतास तो शुक्रवार. मी तुला सांगितलं, आईला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, की मला तारीख माहीत नव्हती. माहीत होती. तुझ्या टेबलावरचा कागद मी वाचला होता. शुक्रवारनंतर तो कोड आपला राहणार नाही, कुलपात जाईल, आणि ज्या हॉस्पिटलांना तो परवडणार नाही त्यांच्या फाइली मरतील, असं मला वाटलं. अजूनही तसंच वाटतं. पण तो कोड निम्मा तुझा होता, आणि मी तुला विचारलं नाही, आणि वर आठ वर्षं खोटं बोलले. तू दारात उभा राहून म्हणाला होतास, "तू माझं घर विकलं नाहीस, वाटून टाकलंस."

हे मला माफ कर म्हणून लिहिलेलं नाही. वही शोध एवढंच.

एमोके


सेगेद, ७ ऑक्टोबर

बर्नी,

हे पत्र तार्तूला पोचेल तेव्हा तू इथे आमच्या स्वयंपाकघरात बसलेला असशील. तरी लिहिते, कारण आनंद झाला की मला बसवत नाही, आणि आई भाज्या चिरायला सुरीसुद्धा देत नाही, म्हणते बोट कापशील.

तुझं कार्ड काल आलं. मागे बर्फातल्या चर्चचं चित्र आणि पुढे तुझे आठ शब्द. "डावी. वही आहे. घेऊन येतो. मंगळवारी. भादरलेलं डोकं."

भादरलेलं डोकं वाचून मी पोस्टमनसमोर हसत सुटले. मी विसरलेच होते. एकोणीस वर्षांची असताना अर्धं डोकं भादरलं होतं मी, आणि दुसऱ्या बाजूचे केस खांद्यापर्यंत, हिरवे. केसांवर चिकटपट्टी बसेना, म्हणून तू भादरलेल्या बाजूला लावलीस. म्हणजे डावीकडे. बरोबर?

खात्री करायला आईकडे फोटो मागितला. आता तिला सगळं सांगावं लागलं, ठिपका, ऑपरेशन, सगळं. ती खुर्चीत बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हणजे तू चष्म्याचं खोटं बोललीस."

"हो."

"आणि बर्नी येतोय."

"हो. आई, फोटो."

"त्या वर्षीचा एकही फोटो नाही. मी काढूच दिला नाही कुणाला. नातेवाइकांना सांगत होते, टायफॉइड झालाय."

मग उठली आणि माशांच्या लाल रश्श्यासाठी कांदे सोलायला घेतले. मंगळवारच्या जेवणासाठी शनिवारी.

एमोके


सेगेद, ५ नोव्हेंबर

बर्नी,

पोचलास ना नीट? तुझा फोन आला होता, आईने सांगितलं. तरी मी पत्रच लिहितेय. तू इथे होतास तेव्हा दोन गोष्टी घडल्या ज्या तुला माहीत नाहीत. एक तू झोपला होतास म्हणून, दुसरी तुझी पाठ होती म्हणून.

पहिली. त्या बुधवारी हॉस्पिटलच्या बाकावर तू दोन बस आणि एक विमान अंगावर घेऊन घोरत होतास. तुला उठवलं नाही. तुझी वही घेऊन एकटीच आत गेले. गेलेन्चेरबाईंनी पान उघडलं. निळी शाई, तुझं मुंग्यांसारखं अक्षर, तारीख, शेजारी द्यॉमेकाकांची सही. "क्रमांक ३१. गोळी डावीकडे. उजवीकडे केस. केस हिरवे. हसते, गप्प बसत नाही." शेवटचं वाक्य विज्ञानात बसतं का, माहीत नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. जुन्या डिस्कवरचा क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, काकांना फोन लावून सहीची खात्री करून घेतली. काका फोनवर एवढ्या मोठ्यांदा बोलत होते की मलाही ऐकू आलं. "सही माझीच आहे, आणि त्या पोराला मी त्या दिवशी रागावलो होतो, तेही लिहून घ्या." मग बाईंनी पॉडलाशमध्ये चित्राची बाजू पालटली, तू सेंकी असताना आणखी एक बटण घातलंस ना, तेच वापरून, आणि दोन्ही डोकी एकावर एक ठेवली. एकोणीस वर्षांची मी आणि चव्वेचाळीस वर्षांची मी. प्रत्येक घडी घडीवर बसली. ठिपका ठिपक्यावर.

त्यांनी मोजलं. "तेव्हा सात मिलिमीटर. आता सात मिलिमीटर. पंचवीस वर्षांत याने काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अशा माणसाला आपण घराबाहेर काढत नाही. वर्षातून एकदा भेटून जायचं." आणि त्यांनी चोवीस तारखेवर माझ्यासमोर आडवी रेघ मारली.

मी विचारलं, "नक्की?"

त्या म्हणाल्या, "एमोकेबाई, मी आयुष्यात इतकं नक्की फार वेळा बोललेले नाही. जा, तुमच्या भावाला उठवा, माझे पेशंट घाबरतायत."

बाहेर येऊन मी तुला उठवलं आणि तू पहिलं काय विचारलंस? "चित्र उलटताना काप सरकले नाहीत ना?" मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. मी रडत होते आणि तू माझ्या खांद्यावर थोपटत होतास, हात कुठे ठेवावा ते न कळणाऱ्या माणसासारखा.

तिस्सा नदीच्या काठाने चालताना आपण जे बोललो ते तुला माहीत आहे, पण मला ते एकदा कागदावर हवंय.

तू म्हणालास, "विचारायला हवं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो. नाही म्हणालो असतो. मग तू तरीही केलं असतंस, आणि मी दोन वर्षं रागावलो असतो. बाकीची सहा वर्षं त्या खोट्याची आहेत."

मी म्हटलं, त्या सहा वर्षांचं काय करायचं. तू पाण्याकडे बघत होतास. मग म्हणालास, "मी अधूनमधून पॉडलाश उतरवून बघायचो. त्या कुत्र्यांच्या खिडकीचा कोड कुणी लिहिला? भयंकर आहे." मी म्हटलं, मीच लिहिला. तेव्हा तू आठ वर्षांनंतर पहिल्यांदा हसलास.

माझ्या मेंदूचं जुनं चित्र मी परवा पॉडलाशमध्ये नमुना म्हणून घातलं, माझ्या नावासकट. आता नवा माणूस प्रोग्रॅम उघडतो तेव्हा आधी माझं डोकं दिसतं. प्लॉवदिवच्या डॉक्टरने लगेच कळवलं, "सुंदर मेंदू, अर्थात मला माणसांचा फारसा अनुभव नाही."

आता दुसरी गोष्ट. तू निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आपण स्वयंपाकघरात त्या पालटायच्या बटणावरून भांडलो. तू म्हणत होतास ते वर हवं, सगळ्यांना दिसायला हवं. मी म्हणत होते चुकून दाबलं तर कुणाचं तरी डावं-उजवं होईल, ते आत लपव आणि दाबण्याआधी दोनदा विचार. तू म्हणालास, मी लोकांना मूर्ख समजते. मी म्हणाले, तू लोकांना समजतच नाहीस. तू टेबलावर चमचा आपटलास. मी खाऱ्या पोगाचा-बिस्किटांची थाळी तुझ्यापासून ओढून घेतली. तासभर चाललं ते, आणि तुझी पाठ दाराकडे होती.

आई बाहेरच्या खोलीत तिची मालिका ऐकत होती रेडिओवर. ती मालिका ती सोळा वर्षं ऐकतेय, आजारी असतानाही चुकवत नाही. मला वाटलं आता येऊन ओरडेल, आवाज कमी करा म्हणून. मी दाराकडे पाहिलं. तिने रेडिओ बंद केला होता. बुटांच्या कपाटाजवळचा तो बुटका स्टूल दाराशी ओढून घेतला होता, आणि हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, आपलं भांडण ऐकत बसली होती.

मी थांबू लागले तर तिने डोळे न उघडताच हाताने खूण केली, चालू दे.

एमोके